वॉशिंग्टनमध्ये एकच दिवस हातात आहे: मोठं म्युझियम की बेथ्यून यांचं घर?

पहिल्यांदाच जाताय आणि अमेरिकेतल्या ब्लॅक बायकांच्या इतिहासाची फारशी ओळख नसेल तर जास्त विचार करू नका, नॅशनल मॉलवरचं (म्हणजे शहराच्या मधल्या लांबलचक मैदानावरचं) आफ्रिकन अमेरिकन म्युझियमच गाठा. २०१६ मध्ये ओबामांच्या हस्ते उघडलं, एंट्री फुकट आहे पण वेळेचा पास आधी ऑनलाइन काढून ठेवा. लिफ्टने खाली उतरताना भिंतीवर सालं मागे मागे जातात, थेट १४०० च्या सुमाराला, आणि तिथून गुलामगिरीपासून वर चालत यायचं. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनची शाल आहे, रंगभेदाच्या काळातला रेल्वेचा अख्खा डबा आहे, पण मला विचाराल तर एमेट टिलची शवपेटी चुकवू नका. १९५५ मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेला १४ वर्षांचा ब्लॅक पोरगा, आणि त्याच्या आईने ठरवलं की पेटी उघडी ठेवायची, लोकांनी माझ्या लेकराचं काय केलंय ते जगाला बघू दे. एका आईच्या या निर्णयाने देश हलला, बायकांचा इतिहास म्हणतात तो हाच.

फक्त एवढंच की हे म्युझियम प्रचंड आहे, खालच्या मजल्यांतच अर्धा दिवस जातो, पाय दुखतात आणि गर्दीत बायकांचं काम वेगळं शोधावं लागतं. लहान मुलं सोबत असतील तर वरच्या मजल्यावर रॉक अँड रोल गायक चक बेरीची लाल कॅडिलॅक गाडी आहे, तिथे ती खूश होतात.

तुम्हाला नेमकं ब्लॅक बायकांनी संघटना कशी उभी केली तेच बघायचं असेल तर मात्र मी लोगन सर्कलजवळचं मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचं घर निवडेन. विटांचं साधं तीनमजली घर, १९४३ मध्ये त्यांनीच काढलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संघटनेने घेतलं. या बाईंनी १९०४ मध्ये फ्लोरिडात दीड डॉलरवर मुलींची शाळा काढली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारात मोठ्या पदावर बसल्या. सावित्रीबाईंच्या गावचे आपण, आपल्याला हे लगेच भिडतं! त्यांच्या संघटनेच्या नंतरच्या एक अध्यक्ष डोरोथी हाइट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला (मार्टिन लूथर किंगचं ते प्रसिद्ध भाषण झालं तो) स्टेजवर होत्या, पण मुख्य भाषणं सगळी पुरुषांची झाली, ही गोष्ट मोठ्या म्युझियमपेक्षा या खोल्यांत जास्त टोचते.

कॅपिटलजवळचं बेलमाँट-पॉल हाउस बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीचं आहे, वेळ उरला तरच. त्या चळवळीच्या १९१३ च्या मोर्चात ब्लॅक पत्रकार आयडा वेल्सना मागे चाला सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं नाही, तेवढं तरी माहीत करून जा.

बेथ्यून यांच्या घराच्या वेळा निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर नक्की बघा. बंदच निघालं तर लिंकन पार्कमध्ये त्यांचा १९७४ चा पुतळा आहे, तिथे तिकीट नाही की पास नाही.