स्लर्म : वाटप चोख, बोलणं तुटक

पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’, वाराणसीचा ‘परम शिवाय’, खरगपूरचा ‘परम शक्ती’. यांतल्या कुठल्याही महासंगणकावर गणित चालवायचं तर स्लर्मच्या, म्हणजे कामांचं वाटप करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रांगेत उभं राहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि शेकडो जणांची मागणी एकदम आली तरी नोडचं (महासंगणकातल्या एकेका संगणकाचं) वाटप चोख करतं. त्या कामात पैकीच्या पैकी गुण. पण आपलं काही चुकलं तर ते सांगण्याच्या बाबतीत ते फार कंजूष आहे, आणि नवख्या विद्यार्थ्याचे बरेच दिवस तिथेच वाया जातात.

त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे बॅकफिल. मोठ्या जॉबसाठी (रांगेत टाकलेल्या कामासाठी) नोड मोकळे होईपर्यंत मधल्या वेळेत मावतील असे छोटे जॉब ते आत सोडतं. कोण मावेल हे ते तुम्ही लिहिलेल्या वेळेवरून ठरवतं. तुमचं काम प्रत्यक्षात किती चालणार हे त्याला कळायला मार्ग नाही. तरी बहुतेक जण तीन तासांच्या कामाला पार्टिशनची (नोडांच्या गटाची) कमाल वेळमर्यादा लिहून मोकळे होतात आणि मग पेंडिंग पडून राहतात. मागचा तसाच जॉब किती चालला ते बघा, त्यावर तीसेक टक्के जास्त धरा आणि तेवढंच मागा. एसबॅचला (जॉब रांगेत टाकणाऱ्या आज्ञेला) ‘टेस्ट-ओन्ली’ हा पर्याय दिला तर जॉब न टाकता तो अंदाजे कधी सुरू होईल ते कळतं. हा पर्याय फार कमी लोक वापरतात.

वेळ लिहिण्याची पद्धत मात्र खरोखर गोंधळाची आहे. नुसतं ३० म्हणजे ३० मिनिटं. १०:०० म्हणजे दहा मिनिटं, दहा तास नव्हे. आणि मधे आडवी रेघ आली की १-१२ म्हणजे एक दिवस बारा तास. नेहमी १-१२:००:०० असं पूर्ण लिहावं. मर्यादा संपली की जॉबला आधी थांबण्याची सूचना जाते आणि एरवीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदांनी तो सरळ मारला जातो. चालू जॉबची मर्यादा आपल्याला कमी करता येते, वाढवता येत नाही. वाढवायला अ‍ॅडमिनच लागतो. म्हणून लांबलचक सिम्युलेशन असेल तर प्रोग्रॅमने चेकपॉइंट (थांबलं तिथून पुढे सुरू करता येईल अशी नोंद) लिहिलाच पाहिजे.

मेमरीचंही तसंच. ‘मेम’समोर १६ लिहिलं तर १६ मेगाबाइट धरले जातात, पुढे जी लावलं तरच गिगाबाइट. शिवाय ‘मेम’ हा आकडा एका नोडमागे असतो आणि ‘मेम-पर-सीपीयू’ एका कोरमागे (प्रोसेसरच्या एका गणन-भागामागे). ४० कोर मागून दुसऱ्यात ४ जी लिहिलं की एकूण मागणी १६० गिगाबाइटवर जाते, आणि तेवढी मेमरी नोडवर नसेल तर जॉब सुरूच कसा होत नाही, असा प्रश्न पडतो.

‘एनटास्क्स’ आणि ‘सीपीयूज-पर-टास्क’ यांची अदलाबदल तर रोजची. एमपीआयच्या (अनेक प्रती एकमेकींशी बोलत चालणाऱ्या) प्रोग्रॅमला टास्क, म्हणजे प्रती, मागायचे. पायथन किंवा ओपनएमपीसारख्या थ्रेडवाल्या (एकाच प्रतीत अनेक कोर वापरणाऱ्या) प्रोग्रॅमला एक टास्क आणि त्याला १६ सीपीयू. उलट केलं तर १६ टास्क दोन नोडांवर विखुरले जाऊ शकतात, प्रोग्रॅम पहिल्यावरच चालतो आणि दुसऱ्यावरचे कोर तुमच्या नावावर नुसते अडकून राहतात. त्यात तो एसरनने (टास्क सुरू करणाऱ्या आज्ञेने) चालवला तर १६ प्रती एकदम सुटतात आणि सगळ्या एकाच फाइलवर लिहितात. २२.०५ या आवृत्तीपासून आणखी एक बदल आहे: एसबॅचला दिलेला ‘सीपीयूज-पर-टास्क’ एसरन आपोआप उचलत नाही, तिथे तो पुन्हा द्यावा लागतो. जुन्या स्क्रिप्ट नव्या यंत्रावर अचानक मंदावल्या तर आधी हे तपासा.

तुटक बोलण्याचे दोन नमुने. स्क्रिप्टमध्ये पहिली खरी आज्ञा आली की त्याखालच्या सगळ्या हॅश-एसबॅच ओळी निमूटपणे सोडून दिल्या जातात. मॉड्यूल (यंत्रावरचं तयार सॉफ्टवेअर) लोड करण्याची ओळ चुकून वर गेली की तुमची वेळ, मेमरी, पार्टिशन सगळं बाद, आणि इशारा शून्य. दुसरं, आउटपुटसाठी दिलेलं फोल्डर अस्तित्वात नसेल तर जॉब क्षणात उडतो, आणि लॉग लिहायलाच जागा नसल्यामुळे कारण कुठेच सापडत नाही. ही दुरुस्ती इतक्या वर्षांत व्हायला हवी होती.

नजर ठेवण्याची साधनं मात्र उत्तम आहेत. एसक्यूमधला (रांग दाखवणाऱ्या आज्ञेतला) शेवटचा रकाना वाचायला शिका. ‘प्रायॉरिटी’ असेल तर तुमच्या पुढे लोक आहेत; ‘रिसोर्सेस’ असेल तर नंबर जवळ आला, नोड मोकळे व्हायचेत; ‘डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड’ असेल तर आधीचा जॉब फसलाय, आता वाट बघण्यात अर्थ नाही, रद्द करा. संपलेल्या जॉबची माहिती एस-कंट्रोल ही आज्ञा थोडा वेळच देते, साधारण पाच मिनिटं; त्यानंतर एसअ‍ॅक्टकडे (जुन्या जॉबांच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेकडे) जायचं. त्यात ‘मॅक्स-आरएसएस’ (वापरलेल्या कमाल मेमरीचा आकडा) मुख्य ओळीत रिकामा दिसतो, तो खालच्या ‘बॅच’च्या किंवा स्टेपच्या ओळीत असतो. हा आकडा ठरावीक अंतराने, बहुधा ३० सेकंदांनी, घेतलेला असतो. त्यामुळे मधेच क्षणभर उसळलेली मेमरी त्यात दिसेलच असं नाही: आकडा १० गिगाबाइट दाखवतो आणि १२ मागूनही जॉब मेमरीअभावी मरतो. तिथे थोडी सैल मागणी ठेवा. ‘सेफ’ ही आज्ञा बसवलेली असेल तर सीपीयू किती टक्के वापरला गेला ते एका नजरेत कळतं.

दर सेकंदाला एसक्यू चालवणारा वॉच मात्र लावू नका. प्रत्येक विचारणा एकाच कंट्रोलरकडे जाते आणि सगळ्यांचीच रांग अडखळते. त्यापेक्षा जॉब संपल्याची मेल मागवा. हजार फाइलींवर एकच काम करायचं असेल तर लूपमध्ये हजारदा एसबॅच न करता एकाच जॉबचे क्रमांकित टास्क पाडणारा अ‍ॅरे वापरा: ०-९९९%२० लिहिलं की एका वेळी वीसच चालतात. एरवीच्या सेटिंगमध्ये सर्वांत मोठा क्रमांक १००० चालतो. त्यापुढच्या फाइली असतील तर एका टास्कमध्ये दहा-दहा बसवा.