उंडेरा की विश्वामित्री? जीवशास्त्राला दुसरा विषय जोडताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आल्यापासून विभागाच्या प्रत्येक बैठकीत ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द एकदा तरी येतो आणि चहा येईपर्यंत टिकतो. शेवटी ठरतं ते एवढंच, की जीवशास्त्राच्या पेपरला काहीतरी जोडायचं. ते ‘काहीतरी’ ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बडोद्यातल्या कॉलेजला दोन सूत्रं हाताशी आहेत: उंडेरा गावातला प्लेग आणि विश्वामित्री नदी. दोन्ही चांगली आहेत, पण एकाच कामाची नाहीत.

निवडताना मी एकच गोष्ट बघतो. जोडलेला विषय काढून टाकला तर जीवशास्त्राचा प्रश्न अडतो का? अडत नसेल तर दोन पेपर टाइमटेबलमध्ये नुसते शेजारी बसलेत.

आधी प्लेग. मराठी घरांतल्या मुलांना 1897चा पुण्याचा प्लेग, रँड, चापेकर बंधू हे ठाऊक असतं. पण आज शहराला लागून गेलेल्या उंडेऱ्यात 1898च्या फेब्रुवारीत काय झालं, हे विचारलं की वर्ग एकमेकांकडे बघतो. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस इथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचली गेली, निम्म्यांना नाही. पुढे साथ 28 कुटुंबांत शिरली. त्या कुटुंबांत न टोचलेले 64 जण होते. 27 आजारी पडले, 26 दगावले. टोचलेले 71 होते. 8 आजारी पडले, 3 दगावले.

हे आकडे फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ गप्प राहा. मृत्यूचं प्रमाण 40.6 टक्के आणि 4.2 टक्के, एवढं मुलं लगेच काढतात. मग संख्याशास्त्राच्या सरांनी विचारायचं: गावात टोचलेले एकूण 513 आणि न टोचलेले 437 होते, मग आपण 28 घरंच का घेतली? अख्खं गाव घेऊन गणित केलं की टक्केवारी 6 आणि 0.6च्या आसपास घसरते, पण दोन्हींतला सुमारे दहापटीचा फरक जवळजवळ जागचा हलत नाही. तो का हलत नाही, याचं उत्तर घर निम्मं-निम्मं वाटण्यात आहे: साथ कुठल्याही घरात शिरली तरी तिथे दोन्ही गटांची माणसं साधारण सारख्याच प्रमाणात सापडणार. नियंत्रण गट म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येवरून मुलांना इतकं स्वच्छ कळलेलं मी पाहिलेलं नाही.

पुढची पायरी खरी मजेची. काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी, काढली तर आकडा 26च्या वर येतो, म्हणजे योगायोग जवळजवळ नाहीच. पण ती चाचणी प्रत्येक माणूस स्वतंत्र धरते, आणि एका घरातली माणसं स्वतंत्र नव्हतीच. उंदीर एकच, पिसवा त्याच. इथे संख्याशास्त्र अडतं आणि जीवशास्त्राला हाक मारतं. प्लेग पिसवांतून पसरतो हे दाखवणारा प्रयोग पॉल-लुई सिमों यांनी कराचीत केला तो त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे उंडेऱ्यात सुई टोचली तेव्हा रोग पसरतो कसा हे पुरतं कळलेलंच नव्हतं. इतिहासाच्या बाईंना हेच हवं असतं. शिवाय पुण्यात इंग्रजांचा अंमल आणि इथे गायकवाडी, ही तुलना त्या आपोआप काढतात.

सूक्ष्मजीवशास्त्राला तपशील हवा असेल तर हाफकिन जंतू वाढवायच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडत आणि जंतूंची वाढ त्या थेंबांपासून खाली लोंबत जाई. मग ती उष्णतेने मारायची. तूप ऐकलं की मागचा बाकसुद्धा मान वर करतो. नीतीचा तास घ्यायचा तर 1902चं पंजाबातलं मुलकोवाल आहे: लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला; पुढे ते निर्दोष ठरले.

उणीव एकच, पण मोठी. प्लेगचा जंतू कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायचा प्रश्नच नाही. हात कोरडेच राहतात.

नदीत ते ओले होतात. विश्वामित्री पावागडाकडून येऊन शहराच्या पोटातून जाते, आणि तिच्यात मगरी आहेत. मुलं येतात तीच एक ठाम समजूत घेऊन: मगर आहे म्हणजे पाणी बरं असणार. मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायची विंकलरची बाटली काढा. मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. नळाच्या पाण्याची बाटली शेजारी ठेवली की वेगळं बोलावं लागत नाही. मगर हवेत श्वास घेते, तिला विरघळलेल्या ऑक्सिजनचं थेट देणंघेणं नाही. गुदमरतो तो मासा, आणि त्यातही मांगूरसारखा हवा गिळणारा तगून राहतो. रसायनशास्त्र इथे खरंच लागतं. भूगोलही लागतो, विशेषतः ऑगस्ट 2024च्या पुरानंतर, कारण मगरी सोसायट्यांत का शिरल्या हे नदीचा काठ आणि उतार समजल्याशिवाय सांगता येत नाही.

पण कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र जोडायला गेलात की गाडी घसरते. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगर आहे, हे एका ओळीत सांगून होतं. त्यावर पेपर उभा राहत नाही. शेवटी ‘नदी वाचवा’ची पोस्टरं होतात आणि गुण सुबक अक्षराला मिळतात. नमुना पुलावरून दोरी-डबा सोडूनच घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको. तरी कोणीतरी काठावर उतरतंच.

तिसरं सूत्र, वड आणि त्याच्या फळातली इवलीशी गांधीलमाशी, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर फार गोड जमतं. दोन आठवड्यांच्या वर ताणू नये.

आता बांधणी. दोघांनी मिळून एकच पेपर घेणं ऐकायला छान, पण 4 क्रेडिटच्या थिअरीचे 60 तास कोणाच्या कामात धरायचे यावर सेमिस्टर निघून जातं. त्यापेक्षा पेपर आपापले ठेवावेत, तुकडी एकच ठेवावी, आणि एक असाइनमेंट दोन्हीकडे तपासावी. वायवाला दोघांनी बसावं. उंडेऱ्याला हे बेतून शिवल्यासारखं बसतं. नदीला प्रॅक्टिकलचे तास लागतात आणि तिथे एका क्रेडिटला 30 तास मोजले जातात, म्हणून ती दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलमध्येच घालावी.

संख्याशास्त्राचा एक उत्साही सहकारी असेल, तर पहिल्या वर्षी उंडेरा घ्या. तसा कोणी नसेल आणि रसायनशास्त्र विभाग बाटल्या द्यायला तयार असेल, तर नदी. दोन्ही जमत असतील तर पावसाळी सेमिस्टरला प्लेग आणि हिवाळी सेमिस्टरला विश्वामित्री. जुलै-ऑगस्टच्या पुराच्या पाण्यात विंकलरचे आकडे काहीच्या बाही येतात आणि पुलावर उभं राहायला परवानगीही मिळत नाही.