ओघुझांचा उगम : काश्गरी की रशीदुद्दीन?

ओघुझ तुर्कांच्या, म्हणजे मध्य आशियातील तुर्क टोळ्यांच्या एका समूहाच्या, उगमासाठी आधी कोणाला वाचावे, महमूद अल-काश्गरीच्या अकराव्या शतकातील तुर्की-अरबी कोशाला की रशीदुद्दीनच्या चौदाव्या शतकारंभीच्या फारसी इतिहासाला? काळाच्या जवळिकीत काश्गरी सरस आहे. स्वतः तुर्क असलेल्या या कोशकाराने ओघुझांच्या 22 शाखा, जनावरांवर डागायच्या खुणांसह, नोंदवल्या आहेत. अर्थात त्याच्या यादीत पहिली येते ती किनिक, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी सेल्जुकांची शाखा, हे विसरू नये. रशीदुद्दीन मात्र 24 शाखा सांगून त्या ओघुझ खान या दंतकथेतील मूळपुरुषाच्या सहा पुत्रांत प्रत्येकी चार अशा वाटतो, आणि हा नेटकेपणाच मला संशयास्पद वाटतो. टोळ्यांची प्रत्यक्ष रचना हवी असणाऱ्याने काश्गरी घ्यावा. वंशकथेचा अभ्यास करणाऱ्याला रशीदुद्दीनच अधिक देईल.