एक्स-३७बी : तर्क आणि यानाची मापे

बोइंगने अमेरिकी हवाई दलासाठी बांधलेले एक्स-३७बी हे कक्षेत जाऊन विमानासारखे परत उतरणारे मानवरहित अंतराळयान २२ एप्रिल २०१० रोजी पहिल्यांदा झेपावले. तेव्हापासून त्याच्या हेतूविषयी लढवले गेलेले बहुतेक तर्क त्याच्या मापांपुढे टिकत नाहीत, असे माझे मत आहे. लांबी जेमतेम नऊ मीटर, पंखविस्तार साडेचार मीटर, वजन सुमारे पाच टन. मालाची जागा तर एखाद्या पिकअप गाडीच्या हौद्याएवढीच. या हौद्यात अंतराळातून मारा करणारी शस्त्रे असतील, हे मला पटत नाही. शस्त्र वर ठेवायचेच असेल, तर सोबत पंखांचे आणि उष्णतारोधक फरशांचे ओझे कोण कशाला वाहील?

हे यान चीनच्या तिआनगोंग-१ या अंतराळस्थानकावर पाळत ठेवत असल्याची वदंता २०१२ मध्ये बरीच पसरली होती. दोघांच्या कक्षांचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी असलेला कोन, जवळपास सारखा होता, हे खरे. पण कक्षांची प्रतले, म्हणजे त्या ज्या सपाटीत असतात ती, वेगळी असल्याने ही दोन्ही याने एकमेकांजवळून गेली तरी प्रचंड वेगाने जात, आणि अशा गाठीत निरखून पाहायला वेळच मिळत नाही.

या यानाचे खरे बळ परत येण्यात आहे. उतरल्यानंतरच्या छायाचित्रांत काळ्या पोटाच्या, पांढऱ्या पाठीच्या यानाभोवती नखशिखान्त संरक्षक पोशाखातले तंत्रज्ञ दिसतात. उपकरण महिनोन्‌महिने निर्वातात आणि किरणोत्सारात ठेवून पुन्हा प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडता येणे, ही सोय साध्या उपग्रहात नाही. चौथ्या मोहिमेत हॉल थ्रस्टरची, म्हणजे विजेच्या बळावर आयन फेकून यान ढकलणाऱ्या इंजिनाची, चाचणी झाली. ९०८ दिवसांच्या सहाव्या मोहिमेत सौरऊर्जेचे सूक्ष्मलहरींत रूपांतर करण्याचा प्रयोग आणि बियाणीही होती. म्हणूनच हे यान म्हणजे कक्षेत फिरती चाचणी-प्रयोगशाळा, हा तर्क मला सर्वांत सबळ वाटतो. सातव्या मोहिमेत वातावरणाच्या घर्षणाने कक्षा बदलण्याची युक्तीही आजमावली गेली. इंधन वाचवत जागा बदलणारे यान त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना नक्कीच जड जाईल.

तक्रार आहे ती गुप्ततेच्या अतिरेकाबद्दल. पाचव्या मोहिमेत छोटे उपग्रह सोडल्याचे हवाई दलाने जाहीर केले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये यान उतरल्यावर. हौद्यात काय आहे ते खुशाल झाकून ठेवावे. पण कक्षेत मागे सोडलेली प्रत्येक वस्तू इतरांच्या वाटेत येऊ शकते, म्हणून तिची नोंद सोडल्याबरोबर व्हायलाच हवी.