गुडमारचं पान आणि पुडीतली गोळी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बाजारांत शुगरच्या, म्हणजे मधुमेहाच्या, पुड्या विकणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. आधी गुडमार या औषधी वेलीचं पान चावायला देतात, मग जिभेवर चिमूटभर साखर ठेवतात. साखर वाळूसारखी बेचव लागते. "बघा मामा, जिभेवरची साखर मेली, रक्तातली पण अशीच मरतेय." मामा खिशात हात घालतात.

पान खरं असतं, म्हणूनच माणूस फसतो. गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं जिभेची गोडाची जाण काही वेळ बंद करतात. तासाभरात चव परत येते. रक्तातल्या साखरेचा त्याच्याशी संबंध नाही. मेथी, कारलं, गुडमार यांनी साखर थोडीफार उतरू शकते, पण हळूहळू, आणि डॉक्टरांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करण्याइतकी कधीच नाही.

दुसरी चलाखी साखर मोजायच्या मशीनची. गूळ किंवा जिलबी खाल्लेल्या चिकट बोटातून रक्त घेतलं की आकडा फुगतो. पुडी पाजून, हात धुऊन परत टोचलं की आपोआप उतरतो. खरं पाहायचं तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करा.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे आठ दिवसांत गुण देणारी पुडी. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन या साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या दळून घातलेल्या तपासण्यांत सापडल्या आहेत. हाताने कालवलेलं असल्याने एका चमच्यात काहीच नाही, तर दुसऱ्यात दोन गोळ्यांइतकं. त्यात घरच्या गोळ्या चालूच असतात. एखाद्या एकादशीला उपवास घडला, की रात्री साखर ७० च्या खाली. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरचे म्हणतात, औषधाची उष्णता आहे, आणि झोपू देतात. झोपू देऊ नका.

शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, १५ मिनिटांनी परत तपासा, मग भाकरी-भात द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा. साखर वर आली तरी दवाखान्यात न्याच: ग्लिबेनक्लामाइडचा असर दिवसभर टिकतो, मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून जास्त, आणि साखर पुन्हा कोसळते. पुडी सोबत न्या.

घेण्याआधी वेष्टनावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी शोधा. नुसता मोबाईल नंबर असेल तर परत ठेवा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तो कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच. विकणारा पलीकडचा म्हणून गप्प बसू नका. घेतली त्या जिल्ह्याच्या आयुष कार्यालयात लेखी तक्रार द्या. उरलेलं चूर्ण मूळ पिशवीतच ठेवा, डब्यात ओतू नका. पिशवी गेली की कुठून आलं ते दाखवता येत नाही.