इलेक्ट्रिक शेव्हर: गालावर जिंकतो, गळ्याशी अडतो

साबण-ब्रश-रेझर सोडून इलेक्ट्रिक शेव्हर घेतलेल्या अनेकांचं यंत्र महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो, हात जुनाच राहिलेला असतो. चेहरा भिजवा, केस मऊ करा, पातं जरा टेकवून लांब ओढा, हे रेझरनं लावलेलं वळण. कोरड्या शेव्हरला यातलं एकही चालत नाही.

रेझरचं पातं थेट कातडीवरून फिरतं. दोन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पुढचं पातं केस किंचित वर खेचतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. शेव्हरमध्ये पात्याची आणि कातडीची गाठच पडत नाही. मध्ये धातूची जाळी असते, मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास जाडीची. केस तिच्या भोकातून आत येतो आणि आतली पाती भोकाच्या कडेवर त्याला कात्रीसारखी कापतात. म्हणजे जाळीच्या जाडीइतका खुंट कितीही महागडं यंत्र घेतलं तरी उरणारच. संध्याकाळी गालावर उलटा हात फिरवला की तो कळतो. पण याच कारणानं केस कातडीच्या आत वळून पुळ्या येणं बरंच कमी होतं, आणि गळ्यावर कायम लाल पुरळ असणाऱ्यांसाठी शेव्हर घेण्याचं खरं कारण तेच. रेझरसारखी काचेगत गुळगुळीत दाढी हवी असेल, तर पैसे वाचवावेत.

सपाट जाळीचा घ्यावा की गोल चकत्यांचा (म्हणजे गोल जाळ्यांखाली पाती गोल फिरणारा), हा वाद जुनाच आहे. अमेरिकेत जेकब शिक यांनी 1931 मध्ये विजेचा रेझर बाजारात आणला. फिलिप्सचा गोल फिरणाऱ्या पात्याचा फिलिशेव्ह 1939 चा, आणि ब्राउनचा जाळीचा एस 50 हा 1950 च्या सुमाराचा. रोज दाढी करणाऱ्यानं जाळीचा घ्यावा, असं आमचं मत. ब्राउन आणि पॅनासॉनिक त्यातले मुख्य. जाळी सरळ रेषेत चालते, त्यामुळे कल्ल्यांची कड आणि मिशीची रेघ नीट राखता येते. पॅनासॉनिकच्या वरच्या मॉडेलांत लिनिअर मोटर असते, मिनिटाला 14,000 वेळा मागेपुढे होणारी. दाट, राठ दाढीत ती अडखळत नाही, पण आवाज चांगलाच करते. गळ्यावर केस भोवऱ्यासारखे चहूकडे वाढत असतील, किंवा दोन-तीन दिवसांआड दाढी होत असेल, तर फिलिप्सच्या तीन चकत्या बऱ्या. फिलिप्सचाच वनब्लेड या शर्यतीत धरू नये. तो मुद्दाम बारीक खुंट ठेवणारं यंत्र आहे.

आता हाताचं वळण. कोरडी दाढी आंघोळीआधी करावी. भिजलेला केस फुगून मऊ पडतो आणि भोकात शिरण्याऐवजी आडवा होतो. आंघोळ आधी झालीच असेल तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत. मुंबई-कोकणात, गोव्यात पावसाळ्यात चेहरा कोरडा राहणंच मुश्कील. घामट कातडीवर जाळी चिकटते, सरकत नाही, आणि माणूस नकळत दाबायला लागतो. पंखा लावावा, कोरड्या पंचानं गळा टिपावा, चिमूटभर टाल्कम पावडर लावावी. (पावडर हेडमध्ये, म्हणजे जाळी आणि पाती असलेल्या वरच्या भागात, साठते, त्या दिवशी धुणं टाळू नये.)

शेव्हर कातडीशी काटकोनात धरावा. दुसऱ्या हातानं कातडी ताणावी आणि केसांच्या उलट दिशेनं आखूड, सावकाश हात मारावेत. गोल चकत्यांचा असेल तर छोटी छोटी वर्तुळं. सुरुवात गळ्यापासून करावी, कारण घर्षणानं हेड हळूहळू तापतं आणि गळ्याची कातडी ते सोसत नाही. गाल शेवटी. कंठमण्याशी आवंढा गिळून धरला की कातडी वर सरकते आणि तिथले चुकार केस सापडतात. जबड्याच्या कडेखाली केस चपटे पडलेले असतात. तिथे एकाच दिशेनं दहा वेळा घासण्यापेक्षा दिशा बदलून दोनदा फिरवावा. कानाचा उपयोग करावा: केस कापले जात असतात तोवर कर्रकर्र ऐकू येतं. ते थांबून नुसती मोटर गुणगुणू लागली की तिथलं काम संपलं.

दाबणं ही सगळ्यात महाग चूक. दाबलं की जाळी आत वाकते, भोकांतून कातडीचे बारीक फुगे आत येतात आणि आतली पाती त्यांचे शेंडे खरवडतात. गळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर कारण हेच. यंत्र बदलून ते जात नाहीत, हात हलका करून जातात.

पहिले तीन-चार आठवडे जळजळ थोडी राहतेच. या काळात मध्येच एखाद्या लग्नासाठी म्हणून रेझर फिरवला, तर कातडी पुन्हा सोलवटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. चार दिवसांची वाढ असेल तर आधी ट्रिमर मारावा. लांब केस भोकात शिरत नाहीत, शिरले तर खेचले जातात.

फेस लावून चालवायचा असेल तर यंत्र ओल्या-कोरड्या दोन्हीसाठी आहे ना ते पाहावं, आणि जेल किंवा पातळ फोमच वापरावा. ब्रशनं घोटलेला घट्ट साबण जाळी बुजवतो. अशी बरीच यंत्रं वायर जोडलेली असताना सुरूच होत नाहीत. तो बिघाड नव्हे, पाण्याजवळ विजेचा धोका नको म्हणून केलेली सोय आहे.

निगा हा भाग लोक सोडून देतात. हेड उघडलं की राखाडी भुकटी निघते, केसांचा चुरा आणि मेलेली कातडी. ती तेलकट होऊन बसली की पाती जड चालतात, बॅटरी लवकर उतरते, वास येतो. धुण्यायोग्य यंत्र असेल तर हेडवर हँडवॉशचा एक थेंब आणि कोमट पाणी घेऊन अर्धा मिनिट चालवावं, धुवावं, हेड उघडं ठेवून वाळवावं. साबणानं वंगणही धुऊन जातं, म्हणून आठवड्यातून एकदा जाळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, थंडीत गोठतं. ब्रश आतल्या पात्यांवर चालेल, जाळीला लावू नये. बेसिनच्या कडेवर हेड आपटणाऱ्यांची जाळी कडेला चिरते, आणि चिरलेली जाळी गाल कापते. फिलिप्सची चकती आणि तिच्या आतलं पातं ही एकमेकांवर घासून बसलेली जोडी असते. धुताना एका वेळी एकच जोडी सुटी करावी. अदलाबदल झाली तर पुन्हा नीट कापू लागायला काही आठवडे लागतात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग जाळीवर धरत असतील तर शेवटचं खळखळणं फिल्टरच्या पाण्यानं करावं.

पैशाचं गणित दुकानदार सांगतो तसं नाही. तीन रुपयांचं ब्लेड पाच दाढ्या चालवलं तर वर्षाला 73 ब्लेडं, म्हणजे 219 रुपये. साध्या दुधारी ब्लेडवाल्यानं बचतीसाठी शेव्हर घेऊच नये. कार्ट्रिजवाल्यालाच तो विचार करता येईल. शिवाय हेड ठरावीक काळानं बदलावं लागतं: ब्राउन 18 महिन्यांनी सांगतं, पॅनासॉनिक बाहेरची जाळी वर्षानं आणि आतली पाती दोन वर्षांनी, फिलिप्सच्या बहुतेक चकत्या दोन वर्षांनी. स्वस्त मॉडेलांत हेडची किंमत यंत्राच्या निम्म्याजवळ जाते. म्हणून यंत्राआधी हेडचा नंबर शोधावा, ब्राउनचा 94एम किंवा फिलिप्सचा एसएच71 असा, आणि तो आपल्याकडे अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो का ते पाहावं. सुट्या नावानं विकली जाणारी नकली जाळी जाड असते आणि तापते.

विमानानं फिरणाऱ्यांना एक फायदा निर्विवाद आहे: सुटी ब्लेडं केबिन बॅगेत चालत नाहीत, शेव्हर चालतो. फक्त ट्रॅव्हल लॉक लावायला विसरू नये, नाहीतर तो बॅगेतच सुरू होतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते.