समशेर की किलिच: एकच जुनी तलवार घ्यायची असेल तर

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली एकच वाकडी तलवार घरात आणायची आहे, खिशाला एकच परवडते आणि समोर इराणी समशेर अन् तुर्की किलिच अशा दोघी ठेवलेल्या आहेत. हा पेच ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. वूट्झ (अंगातच नक्षी असलेलं) पोलाद म्हणजे काय, कोफ्तगिरी (पोलादावर सोनं-चांदी ठोकून केलेली नक्षी) म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. ते तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

नावांचा घोळ मात्र आधी निस्तरायला हवा. फारसीत शमशीर म्हणजे नुसती तलवार, तुर्कीत किलिच म्हणजेही तलवार आणि अरबीतला सैफही तोच. बडोद्याच्या गायकवाडांच्या ‘सेनाखासखेल समशेरबहादर’ या किताबातली समशेरही काही विशिष्ट आकार सांगत नाही. बाजारात मात्र या नावांना ठरावीक अर्थ चिकटलेत. अरुंद, मुठीपासून टोकापर्यंत एकसारखं निमुळतं होत जाणारं, खोल वाकाचं पातं ते समशेरीचं. जे पातं दोन तृतीयांश लांबीपर्यंत जवळपास सरळ जातं, मग वाकतं आणि शेवटी रुंद होऊन पाठीकडूनही धार घेतं, ते किलिचचं. त्या रुंद भागाला तुर्कीत येल्मान म्हणतात. आपल्याकडे तलवारीच्या पिपळ्याला, म्हणजे टोकाकडच्या भागाला, पाठीकडून धार देत, तोच विचार, फक्त बराच फुगवलेला.

दुसरा घोळ मुठींचा. उस्मानी (तुर्की) कारागिरांनी इराणी पाती बिनदिक्कत आपल्या मुठींत बसवली, आणि आपल्याकडे मोगल-दख्खनी दरबारांतही तेच झालं. त्यामुळे मूठ बघून नाव ठरवू नका, पातं उपसून बघा. शिवाय १७९८ च्या नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर युरोपात मामलुकी मुठीची लाट आली. ब्रिटिश सेनापतींच्या १८३१ च्या नमुन्याची तलवार त्यातलीच. ती दिसते छान, पण पातं युरोपातलं असतं. ‘किलिच’ म्हणून ती गळ्यात मारली जाण्याची शक्यता बरीच.

हातात घेतल्यावरचा फरक आकड्यांत सांगण्यात फारसा अर्थ नाही. समशेरीचं पातं साधारण ८० ते ९० सेंटिमीटर, उशिराच्या आखूड किलिचचं (तिला पाला म्हणतात) ६५ ते ७५. वजनं आसपासच. पण समशेर मनगटापाशी जागी असते. टोकाकडे लोखंड इतकं कमी होत जातं की पातं पुढे ओढत नाही. किलिच बघताना वाटतं की येल्मानमुळे ती पुढे जड असणार. प्रत्यक्षात चांगल्या किलिचचा येल्मान पातळ घडवलेला असतो, त्यामुळे ती वाटते तितकी जड नाही. जी खरंच जड लागते, तिचं पातं बहुधा उशिराचं किंवा नकली. पाला प्रकारात पाठ ‘टी’ अक्षरासारखी घडवतात, म्हणजे पातं पातळ राहूनही ताठ राहतं. लोहारकाम म्हणून ही करामत समशेरीत नाही, हे मान्य करायलाच हवं.

मुठीच्या बाबतीतही किलिचला माप जास्त. तिचा टोकाचा गोंडा पिस्तुलाच्या मुठीसारखा गोलसर फुगलेला असतो, करंगळी त्यावर नीट टेकते. समशेरीची मूठ सडपातळ आणि टोकाशी काटकोनात वळलेली. मोठ्या पंजाच्या माणसाला ती पहिल्यांदा अपुरी वाटते. तरी आपल्या तलवारीच्या लोखंडी गादीसारखी (मुठीच्या टोकाच्या चकतीसारखी) ती मनगटात रुतत नाही.

आता म्यान. माझा निकाल इथेच लागला, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

समशेर म्यानातून उपसताना प्रत्येक बोटागणिक अरुंद भाग बाहेर येतो, म्हणजे म्यानाचं तोंड उत्तरोत्तर सैल पडत जातं. घालतानाही टोक आधी आणि रुंदी नंतर. म्यान आतून किंचित ऐसपैस ठेवलं की काम झालं. किलिचचं उलटं. सगळ्यांत रुंद भाग टोकाकडे आणि कंबर बारीक. तोंडातून येल्मान जायचा तर तोंड रुंद हवं, आणि तोंड रुंद केलं की बारीक कंबर आत खुळखुळते. त्यावर तुर्की कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे म्यानाच्या पाठीला तोंडापासून खाली वीतभर किंवा त्याहून लांब चीर. उपसताना पातं आधी सरळ येतं आणि वाकाचा भाग आला की पाठीकडून त्या चिरेतून बाहेर झुकतं. चांगल्या म्यानांत त्या चिरेवर स्प्रिंगची धातूची पट्टी असते. पातं गेलं की ती आपोआप मिटते.

कागदावर हे सुंदर आहे. दीडशे-दोनशे वर्षांनंतर मात्र ती पट्टी बहुतेक ठिकाणी गळालेली असते, नाहीतर स्प्रिंग मेलेली असते. मग एकामागून एक कटकटी सुरू होतात. चीर उघडी राहिल्याने धूळ आणि दमट हवा थेट पात्याच्या पाठीवर जाते, आणि गंज धरतो तो नेमका त्या वीतभर पट्ट्यात. बाकीचं पातं स्वच्छ. वरच्या भागात म्यानाच्या दोन लाकडी फाका फक्त धारेच्या बाजूने जोडलेल्या राहतात. कातडं आकसलं की त्या फाकतात आणि तोंडाचं धातूचं टोपण सैल होतं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे माहीत नसलेला माणूस तलवार सरळ तोंडातून आत ढकलतो. येल्मानची धार आतल्या लाकडाला खरवडते, कीस तळाशी जाऊन बसतो आणि तलवार बोटभर बाहेर राहू लागते. मग कुणीतरी जोर लावतो आणि लाकूड टोकापाशी उकलतं. घरात पाहुणे आले की ‘जरा बघू’ म्हणणारा प्रत्येक जण हेच करतो. त्याला दरवेळी सांगायचं, की टोक चिरेतून आत सोडा, पाठ टेकवा, मग सरकवा. समशेर कुणाच्याही हाती देता येते. मी समशेर घेतली ती याच कारणाने, हे मोकळेपणाने सांगतो. फारच वाकलेल्या काही समशेरींच्या म्यानालाही अशी चीर असते, तेव्हा घेताना म्यानाची पाठ बघून घ्याच.

कुणी म्हणेल, तलवार भिंतीवरच टांगायची तर म्यानाचं एवढं काय? टांगायचीच असेल तर मुद्दा खरंच निम्मा उरतो. पण जुनी तलवार वर्षातून तीन-चारदा तरी उपसून पुसावी लागते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला. तेवढ्यात किलिच छळते.

समशेर तरी निर्दोष आहे का? नाही. तिची दुखणी मुठीत असतात. पात्याची शेपटी (मुठीत जाणारा भाग) बारीक, तिच्यावर शिंगाच्या किंवा हत्ती-वॉलरसच्या दातांच्या दोन फाका, मध्ये राळ, आरपार दोन खिळे. राळ सुकून भुगा झाली की आडवी परज (मूठ आणि पातं यांच्यामधली दांडी) खुळखुळते. तिला धरून हलक्या हाताने हलवून बघा. नुसता खुळखुळाट असेल तर घाबरू नका, नवी राळ भरता येते. पण इपॉक्सी भरू नका. पुढे कधी मूठ उघडायची वेळ आली तर फाकाच फुटतील. मूठ पात्याच्या रेषेतून एका बाजूला कललेली दिसली किंवा फाकांमध्ये केसाएवढी ताजी फट दिसली, तर आत शेपटी तुटून वेल्डिंग केलेली असू शकते. त्या उष्णतेने परजेजवळच्या पात्याचा जौहर, म्हणजे पोलादातली नक्षी, पुसला जातो. म्हणून पहिली दोन बोटं पातं भिंगाखाली बघा. तिथेच नक्षी विरळ होत असेल तर काहीतरी शिजलंय.

जौहराबद्दल एक-दोन गोष्टी. खऱ्या वूट्झची नक्षी पोलादाच्या अंगातच असते. ती पाठीच्या कडेवरून दुसऱ्या बाजूला उतरते आणि जुन्या ओरखड्याच्या तळातही दिसते. आम्लाने काढलेली नकली नक्षी हाताला उंच-सखल लागते, दोन्ही अंगांना तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि पाठीवर येऊन संपते. ‘किर्क नर्दुबान’ म्हणजे चाळीस पायऱ्यांच्या शिडीच्या पट्ट्या बघून लोक हुरळतात आणि नकला करणारेही नेमक्या त्याच काढतात. हे पोलाद मुळात बरंचसं हिंदुस्थानातून जाई. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला इराणी व्यापारी स्वतः येऊन पोलादाच्या वड्या नेत. म्हणजे इस्फहानचं पातं विकत घेताना तुम्ही गोदावरीकाठचा माल परत आणत असाल. उगाच गंमत.

हे पोलाद कर्बाने भरलेलं, साधारण दीड टक्क्याच्या आसपास. त्यामुळे ते गार असताना कडक असतं आणि वाकवायला गेलं तर मोडू शकतं. वाकडं झालेलं पातं ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. पाठीवरच्या लांबीच्या बारीक भेगा घडवतानाच्या असतात, त्या चालतात. धारेपासून आडवी आत जाणारी भेग दिसली तर तलवार खाली ठेवा आणि चहा प्या.

इस्फहानच्या असदुल्लाहची सही बघून भाव वाढवून मागतात. शाह अब्बास पहिला (राज्यकाळ १५८८ ते १६२९) याच्या काळाशी हे नाव जोडलं जातं, पण पुढच्या दीड-दोनशे वर्षांत ते इतक्या पात्यांवर आलंय की त्याचा अर्थ ‘उत्तम माल’ एवढाच उरतो. पैसे पात्याचे द्या, नावाचे नकोत. किलिचवर सोन्यात कुराणातली वचनं अधिक सापडतात. तिथे सोनं खोदून बसवलंय की खरबरीत पृष्ठभागावर नुसतं ठोकलंय, ते तिरप्या उजेडात कळतं. ठोकलेलं सोनं कडेने उडत जातं.

पातं काळवंडलेलं असेल आणि विकणाऱ्याची परवानगी असेल, तर परजेजवळ नखाएवढ्या जागेवर चाचणी घेता येते. आधी ॲसिटोनने तेल काढा. फेरिक क्लोराइडचं बाजारात मिळणारं घट्ट द्रावण १ भाग आणि पाणी १० भाग असं पातळ करा, कापसाने १०-१५ सेकंद फिरवा, लगेच पाण्याने धुवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. नक्षी असेल तर करडी उगवते. सोन्याच्या आसपास हे अजिबात करू नका, कारण सोन्याखालचं लोखंड खाल्लं जातं आणि सोनं पापुद्र्यासारखं सुटतं. पॉलिश पेपर, पितळेचं पॉलिश वगैरे दोघींनाही वर्ज्य.

कायद्याचंही बघा, कारण तिथेही दोघींत थोडा फरक पडतो. हस्तिदंताचा व्यापार भारतात बंद आहे आणि गेंड्याच्या शिंगाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही. किलिचच्या भारी मुठी कित्येकदा गेंड्याच्या शिंगाच्या असतात, समशेरीच्या वॉलरसच्या नाहीतर हत्तीच्या दाताच्या. साध्या शिंगाची मूठ असेल तर डोक्याला ताप कमी. परदेशातून भारतात आणायची तर शस्त्र कायद्याखाली आयातीचा परवाना आधी काढावा लागतो. शंभर वर्षांवरची वस्तू भारताबाहेर नेणं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला शक्यच नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वाकड्या पात्याच्या तलवारींची विक्री आणि आयात तिथे २००८ पासून बंद आहे. शंभर वर्षांवरच्या तलवारींना त्यातून सूट मिळते, पण वय दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

मग किलिच कुणी घ्यावी? ज्याला लोहारकामातली करामत भावते, ज्याचा पंजा मोठा आहे, जो ती काचेच्या कपाटात म्यानाशेजारी उघडी ठेवणार आहे, त्याने खुशाल घ्यावी. तिच्यासमोर समशेर जरा अंग चोरून उभी राहिल्यासारखी वाटते हे खरं. चिरेवरची पट्टी शाबूत असलेली, कट् आवाज करून मिटणारी किलिच मिळाली, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून ती उचलावी. अशा मला फार थोड्या दिसल्या.

घेतल्यावर दोघींपैकी कुठलीही असली तरी पातं कायम म्यानात ठेवू नका. कातड्यातलं आम्ल आणि लाकडातली ओल मिळून पातं खातात. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या. तेल द्यायचंच असेल तर खनिज तेल, तेही म्यानाबाहेर ठेवणार असाल तरच. तेल प्यायलेलं लाकूड फुगतं आणि त्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही. म्यान वेगळं, आडवं आणि सुती कापडात ठेवा. किलिचचं असेल तर चीर वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे निदान फाका स्वतःच्या वजनाने आणखी उघडणार नाहीत.